क्रशरच्या कचेत चवळी उगवते, मग पिवळी का पडते?

कराड_विज्ञानछंद: चंद्राच्या मातीला पर्याय म्हणून साताऱ्याकडच्या खडी क्रशरवरची काळ्या दगडाची कच (बारीक चुरा) १ मिमीच्या चाळणीने चाळून २०० मिलीच्या कपात भरली आहे. वरून साधं पाणी. चवळी झकास उगवते, पण त्रिदल पानं फुटली की पिवळी पडून थांबते. खत घातलं तर प्रयोग खरा राहील का?

तासगाव_ड्रिप: खत घालाच. कचेत नत्र नाही, चंद्राच्या मातीतही नसल्यात जमा. चवळीचा दाणा मोठा, सुरुवातीची वाढ ती दाण्यातल्या साठ्यावरच काढते. इस्रोने डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी६० रॉकेटवरून चवळीच पाठवली होती, पण तिथे दोन पानांपर्यंतच न्यायचं होतं. माती तपासायची तर मोहरी पेरा. साठा कमी, त्यामुळे उणीव लवकर दिसते.
१९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम, पण वेगळ्या बाटलीत, आलटूनपालटून द्या. दोन्हींची घट्ट द्रावणं एकत्र केली की फॉस्फेटचा साका बसतो. द्राक्षवाल्या कुठल्याही दुकानात दोन्ही सुटी मिळतात.

मिरज_मृदा: आधी पान बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र. शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. ताज्या दळलेल्या बेसाल्टचा, म्हणजे या काळ्या दगडाचा, सामू (pH) ८च्या वर जातो, मग दगडात लोह भरपूर असूनही मुळांना मिळत नाही. चिलेट म्हणजे मुळांना घेता येईल असं बांधलेलं लोह. त्यातलं ईडीटीए या सामूला टिकत नाही, ईडीडीएचए घ्या.
माझा जास्त संशय मात्र पाण्यावर आहे. वरून ओतलं की भुकटी सिमेंटसारखी बसते आणि मुळं गुदमरतात. कपाच्या बुडाला ५ मिमीचं भोक पाडून सुती वात ओवा, द्रावण खालच्या बशीत ठेवा. बारीक भुकटी धुऊन टाकू नका. चंद्राच्या मातीचा सरासरी कण ०.०७ मिमीच्या आसपासच असतो. चाळताना मास्क लावा.

सातारा_अवकाश: खताने प्रयोग खोटा ठरत नाही. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने अपोलो ११, १२ आणि १७ मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या मातीत मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस वाढवलं, तेव्हा अन्नद्रव्यांचं द्रावण दिलंच होतं. सगळी उगवली, पुढे ज्वालामुखीच्या राखेतल्या रोपांपेक्षा खुरटली. तुलनेला ती राख होती म्हणूनच हे कळलं. तुम्हीही तीन गट ठेवा: कच आणि साधं पाणी, कच आणि द्रावण, धुतलेली नदीची वाळू आणि तेच द्रावण. प्रत्येक गटात निदान पाच कप, उजेड सारखा. शेवटी कप पाण्यात बुडवून मुळं अलगद सोडवा आणि लांबी मोजा. नोंदीत ‘बेसाल्ट भुकटी’ लिहा, ‘चंद्राची माती’ नको. उल्कांच्या माऱ्याने झालेली काच आपल्या कचेत नाही.