पावसाळ्यात जुन्या फोटोंचं प्रदर्शन: काच, ओल, उजेड

गोदाकाठ
पंचवटीतल्या एका वाड्याच्या हॉलमध्ये जून ते सप्टेंबर जुन्या स्टुडिओ फोटोंचं प्रदर्शन ठरलंय. १९५०-६० चे कृष्णधवल मूळ प्रिंट आहेत, १९७०-८० चे काही रंगीत, शिवाय निगेटिव्हचा एक डबा. भिंती पावसात ओल धरतात. कलासंग्रहालयं मूळ प्रिंट कसे लावतात? आणि डब्याला व्हिनेगरसारखा वास येतोय, तो कशाचा?

सिल्व्हरप्रिंट
आधी डबा बघा. फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया कुजतोय, त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि ते शेजारच्या निगेटिव्हही कुजवतं. वास येणाऱ्या आजच वेगळ्या करा, आम्लरहित कागदी पाकिटात ठेवा. हवाबंद प्लास्टिकमध्ये आम्ल कोंडतं. फिल्म आक्रसली की वरचा थर सुरकुततो, म्हणून याच आधी स्कॅन करा.

फ्रेमिंगमध्ये फोटो काचेला टेकता कामा नये. दमट हवेत जिलेटिन (ज्या थरात चित्र असतं तो) फुगून काचेला चिकटतं, नंतर ओढलं की चित्रच निघून येतं. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा आम्लरहित खिडकी-माउंट (मध्ये चौकट कापलेला पुठ्ठा) घाला. फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवा. फेव्हिकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नको.

ओलावा६५
बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावूच नका, मोकळे पॅनेल उभे करा. आतल्या भिंतीवरही फ्रेममागे बुचाचे तुकडे लावा, मागून हवा खेळली पाहिजे. हॉलमध्ये आर्द्रतामापक हवाच. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. दिवसा एसी आणि रात्री बंद, हे तर फार वाईट, कारण त्या चढउतारात कागद वळतो आणि थराला तडे जातात. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) चोवीस तास चालणार नसेल तर मूळ प्रिंट बाहेर काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. नाशिकची दिवाळीनंतरची कोरडी, थंड हवा फोटोंना कितीतरी चांगली. तारीख पुढे ढकलता येईल का?

गोदाकाठ
तारीख हलणार नाही. रंगीत फोटोंचं काय करू?

सिल्व्हरप्रिंट
मग सगळ्यांच्याच प्रती लावा. रंगीत मूळ प्रिंट तर एरवीही ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेडात नेऊ नयेत. त्या काळच्या कागदातला निळसर रंग अंधारातही उडतो, म्हणून ते फोटो लालसर दिसतात. थंडावा हाच त्यावरचा उपाय. न्यूयॉर्कच्या मोमामध्ये (आधुनिक कलेचं संग्रहालय) १९४० पासून छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग आहे, पण तिथेही मूळ प्रिंट आलटूनपालटून लावतात, बाकीचा वेळ ते अंधारात असतात.

प्रत सुती कागदावर, पिगमेंट (रंगकणांच्या) शाईत काढा. पाटीवर दोन्ही वर्षं द्या: ‘छायाचित्र १९५८, प्रिंट २०२५’. प्रत मूळ म्हणून खपवू नये.

ओलावा६५
मूळ प्रिंट पेटीत जाण्याआधी मागे कडेला मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला, हलक्या हाताने, नाहीतर पुढे वळ उठतो. रंगीत कागदाच्या मागे प्लास्टिकचा थर असतो, त्यावर पेन्सिल उमटत नाही. तिथे क्रमांक पाकिटावर लिहा, आणि तोही फोटो आत सरकवण्याआधी.