केनेडींना शाप होता, मग मेरी जोला काय होतं?

बोस्टनकर:
काल पाहुण्यांना इथलं केनेडी ग्रंथालय दाखवायला नेलं. परतताना मागच्या सीटवरून आलंच, "बाई गं, त्या घराला शापच होता!" थोरला ज्यो 1944 मध्ये विमानाच्या स्फोटात गेला, कॅथलीन 1948 मध्ये विमान कोसळून, जॅक (म्हणजे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी) 1963 मध्ये डॅलसला आणि बॉबी 1968 मध्ये लॉस एंजेलिसला, दोघेही गोळ्या लागून. यादी खरी आहे. पण शाप म्हटलं की मला आठवतो धाकटा टेड. जुलै 1969 मध्ये चॅपाक्विडिक बेटावर त्याची गाडी पुलावरून पाण्यात पडली. तो बाहेर आला, 28 वर्षांची मेरी जो कोपेक्नी आतच राहिली. पोलिसांना कळवलं साधारण 10 तासांनी. आणि आठवड्याने टीव्हीवर येऊन गृहस्थ सांगतो काय, तर घराण्यावर खरंच काही भयंकर शाप आहे का, असंही त्या वेळी मनात येऊन गेलं! फार सोयीचा शब्द आहे हा.

शेंगाचटणी:
टेडपुरतं मान्य. पण त्यांच्या आईचं, रोझबाईंचं काय? 9 लेकरं, त्यातली 4 पन्नाशीच्या आत गेली. आमच्या भावकीत पाठोपाठ तीन कर्ते पुरुष गेले तेव्हा म्हातारीने त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करवला. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितलेला तिनेही ऐकला होता. तिचा प्रश्न एकच, आमच्याच घरी का?

आकडेमोड्या:
कारण घर मोठं. 9 मुलं, 29 नातवंडं, एकट्या बॉबीची 11. गेलेले मोजता, उरलेले कोण मोजणार? रोझ 104 वर्षं जगली, तिच्या मुली युनिस 88, जीन 92. वर पैसा आणि नाही ती हौस. 1997 च्या शेवटच्या दिवशी बॉबीचा मायकेल ॲस्पेनला स्कीवर फुटबॉल खेळताना झाडावर आदळला. 1999 मध्ये जॅकचा मुलगा जॉन ज्युनिअर रात्री धुरकट हवेत समुद्रावरून स्वतः विमान चालवत निघाला. नुसत्या उपकरणांवर उडण्याचा परवाना नव्हता. क्षितिज दिसेना, दिशाभान सुटलं, हा तपासाचा निष्कर्ष. बायको आणि मेहुणी हकनाक गेल्या. याला शाप म्हणायचं तर सिंहगडाच्या घाटात दर रविवारी शापच शाप.

शनिवारातला:
(अवांतर) पेशवे राहिले की! 1761 मध्ये पानिपतावर विश्वासराव, त्याच वर्षी पर्वतीवर नानासाहेब, 1772 मध्ये थेऊरला माधवराव, पुढच्याच वर्षी नारायणराव. वाड्यात ‘काका मला वाचवा’ ऐकू येतं म्हणून लोक अजून सांगतात. गारद्यांना फूस कुणाची होती, ते कोणी विचारत नाही.

शेंगाचटणी:
का नाही? रामशास्त्र्यांनी विचारलं होतं!
आणि बोस्टनकर, आपल्याकडे शाप असा हवेतून पडत नाही हो. कुणीतरी कुणाचं तरी वाईट केलेलं असतं, त्याचा तळतळाट लागतो. या घरात तो रोझमेरीचा. 1941 मध्ये, 23 वर्षांची पोर. जरा मंद, हट्टी, म्हणून बापाने परस्पर मेंदूची शस्त्रक्रिया करवली. चालणं-बोलणं गेलं. पुढे विस्कॉन्सिनच्या संस्थेत ठेवली ती 2005 मध्ये मरेपर्यंत. तुमच्या यादीत तिचं नावच नाही.

बोस्टनकर:
नाही खरं. चुकलंच. तिचं नाव पहिलं यायला हवं होतं.
पण मग तळतळाट बापाला लागायचा ना? ज्यो सिनिअर 81 वर्षं जगला. भोगलं पोरांनी.

शेंगाचटणी:
1961 मध्ये त्याला पक्षाघात झाला, वाचा गेली. पुढची 8 वर्षं खुर्चीत. जॅक गेला, बॉबी गेला, टेडचं ते प्रकरण झालं, सगळं ऐकलं आणि तोंडातून शब्द फुटेना. लेकीचं जे केलं तेच.

आकडेमोड्या:
73 व्या वर्षी पक्षाघात कुणालाही होतो हो.

शेंगाचटणी:
होतो की. म्हातारीलाही डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं.