'पानिपत'नंतर काय वाचावे? ऐतिहासिक कादंबऱ्या आणि खरी साहसे सुचवावीत

प्रश्न – कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या गावात आम्ही सात जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमतो आणि आधी ठरवून वाचलेल्या एका पुस्तकावर दोन-अडीच तास बोलतो. 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'राऊ', 'मंत्रावेगळा', 'पानिपत' ही सारी पुस्तके वाचून झाली आहेत, काही तर दोनदा. गेल्या महिन्यात 'पानिपत'वर बोलणे चालू असताना आमच्यातल्या सर्वांत लहान सभासदाने, जी अजून महाविद्यालयात शिकते आहे, विचारले की भाऊसाहेबांच्या तोंडची ही सगळी बोलणी कादंबरीकाराला मिळाली कुठून आणि त्यातले कागदोपत्री किती. आम्हा थोरांपैकी एकालाही नीट उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्यात ही विनंती. एक म्हणजे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या, कोणत्याही देशातल्या काळावरच्या, पण अभ्यासाने लिहिलेल्या कादंबऱ्या. आणि दुसरे म्हणजे खरोखर घडलेल्या साहसांची अशी पुस्तके, ज्यांत कादंबरीइतकाच जीव गुंततो. मराठी असल्यास उत्तमच, पण आमच्यापैकी चौघे इंग्रजीही सहज वाचतात.

प्रतिसाद – जुनीपोथी

तुमच्या त्या मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे. त्याचे उत्तर ज्या कादंबरीच्या रचनेतच आहे, ती म्हणजे नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' (1997). आपल्याकडच्या बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्या पेशव्यांच्या किंवा छत्रपतींच्या दालनात घडतात. इथे निवेदक आहे अंताजी खरडे नावाचा एक सामान्य माणूस. तो अठराव्या शतकातल्या धामधुमीत भटकत राहतो, हेरगिरी करतो, जीव वाचवतो आणि जे दिसले ते स्वतःच्या हिशेबाने सांगतो. निवेदक काल्पनिक आहे हे पहिल्यापासून उघड असल्यामुळे वाचकाची फसगत होत नाही, आणि भोवतीचा काळ मात्र लेखकाने बारकाईने उभा केलेला असतो.

नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. आपल्या शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत संपतो. बंगालमध्ये मात्र 'बर्गी' हा शब्द आजही मुलांना झोपवण्याच्या गाण्यात आहे. बर्गी म्हणजे आपला बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असतो, बारगिराला तो सरकारातून मिळतो, एवढाच तो साधा लष्करी शब्द. पण तिकडे त्याला भीतीचा अर्थ चिकटला. त्या स्वाऱ्यांवर गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच सुमारास 'महाराष्ट्र पुराण' लिहिले असून त्याचे इंग्रजी भाषांतर 1965 साली पुस्तकरूपाने आले आहे. भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने 1744 साली भेटीला बोलावून मारले, तो प्रसंग आपल्या बाजूने आपण ऐकलेला असतो. ज्यांची गावे जळली त्यांच्या बाजूनेही तो काळ एकदा वाचायला हवा. आधी कादंबरी आणि मग गंगाराम, अशी दोन महिन्यांची जोडी तुम्ही लावू शकाल. आवडल्यास पुढचा काळ 'बखर अंतकाळाची' (2010) मध्ये आहे.

प्रतिसाद – दर्यावर्दी

खऱ्या साहसासाठी मी एकच पुस्तक अगदी आग्रहाने सुचवतो: डेव्हिड ग्रॅन यांचे 'द वेजर' (2023). 'वेजर' हे इंग्रजांचे लढाऊ गलबत 1740 च्या सप्टेंबरात कमोडोर अँसनच्या ताफ्याबरोबर निघाले, दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या हॉर्न भूशिराच्या वादळांत ताफ्यापासून तुटले आणि 1741 च्या मे महिन्यात पॅटागोनियाच्या किनाऱ्याजवळच्या एका ओसाड बेटावर फुटले. जे वाचले त्यांच्यात फूट पडली. कॅप्टन चीप याने एका तरुण अधिकाऱ्याला गोळी घातली. तोफखान्यावरचा बल्कली बहुतेक माणसे घेऊन मोठ्या होडीने निघाला. सुमारे 80 जणांपैकी 30 जण ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले. त्यानंतर काही महिन्यांनी चीप स्वतः आणखी दोघांसह चिली देशात जिवंत पोहोचला, आणि मग इंग्लंडमध्ये कोण बंडखोर आणि कोण खुनी यावर दोन्ही बाजूंची पुस्तके निघाली.

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. बल्कली बेटावर असतानाही रोजनिशी लिहीत होता. उपासमार चालू असताना शाई आणि कागद जपत होता, कारण परत गेल्यावर गळ्याला दोर लागू नये यासाठी लेखी पुरावा हाच आधार आहे हे त्याला कळत होते. मॅजेलनच्या सामुद्रधुनीतून वाट काढता येईल ही कल्पनाही त्याला बायरन नावाच्या पोरसवदा सहकाऱ्याकडून मागून घेतलेल्या एका जुन्या प्रवासवर्णनातून सुचली. ग्रॅन प्रत्येक प्रसंगाला कोणाचा कागद आहे ते सांगतात आणि कागद एकमेकांशी जुळत नसतील तिथे ते न जुळणेच वाचकापुढे ठेवतात. मला तर हा सगळा ग्रंथ कागदपत्रे कशी वाचावीत याचाच धडा वाटला. (हे गलबत फुटल्यानंतर वर्षभराच्या आत भास्कररामांचे घोडेस्वार बंगालमध्ये शिरलेले होते, वरच्या प्रतिसादातला काळ आणि हा काळ एकच आहे, हे ध्यानात ठेवून दोन्ही वाचल्यास फार गंमत येते.)

प्रतिसाद – मांडवी

मी फोंड्याजवळची आहे, म्हणून गोव्याचे सुचवते. महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' ही कादंबरी सोळाव्या शतकातल्या धर्मांतरांच्या काळावर आहे. आमच्या भागात ही केवळ पुस्तकातली गोष्ट नाही. कुशस्थळीचा मंगेश 1560 साली नदी ओलांडून प्रियोळला आणला गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. माझी आजी कधीही फक्त 'कवळे' म्हणत नसे, 'आमची देवी केळशीची' असेच म्हणायची. सैल यांनी देवळांपेक्षा माणसांकडे जास्त पाहिले आहे. एकाच घरातला एक भाऊ जमिनीपायी थांबतो आणि दुसरा रातोरात निघतो, असे प्रसंग त्या काळी किती घरांत घडले असतील, हे वाचताना सतत जाणवते. कोणालाही राक्षस न करता लिहिणे या विषयावर फार अवघड आहे, आणि ते त्यांना साधले आहे असे माझे मत आहे.

साहसासाठी दिलीप दोंदे यांचे 'द फर्स्ट इंडियन' हे इंग्रजी पुस्तक घ्यावे. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. 2009 च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून 2010 च्या मे महिन्यात परतले. पुस्तकाचा मोठा भाग समुद्रावर नाहीच, तो होडी बांधण्यावर आहे, आणि मला तोच अधिक आवडला. 'म्हादेई' ही 56 फुटी होडी दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. फेरीबोटीने जिथे दहा मिनिटांत जाता येते, तिथून निघालेली होडी हॉर्न भूशिराला वळसा घालून आली, हे वाचताना ऊर भरून येतो.

प्रतिसाद – वाटसरू

साहसाच्या पुस्तकांत रवींद्र गुर्जर यांचे दोन अनुवाद मराठी वाचकाला ठाऊक असतात, 'पॅपिलॉन' आणि 'सत्तर दिवस'. आपल्या मंडळासाठी मी दुसरे निवडेन. 'पॅपिलॉन' मी तीनदा वाचले आहे आणि त्याची ओढ मी नाकारत नाही; परंतु त्याचा मूळ लेखक शारिएर याने इतरांच्या हकिकती स्वतःच्या नावावर घातल्याची शंका अनेक अभ्यासकांनी घेतली आहे. ज्या मंडळात 'कागदोपत्री किती' हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे, तिथे ते आत्मचरित्र म्हणून ठेवू नये, कादंबरी म्हणून जरूर ठेवावे.

'सत्तर दिवस' ही 1972 साली अँडीज पर्वतात कोसळलेल्या विमानाची हकिकत आहे. विमानात 45 जण होते, 72 दिवसांनी 16 जण परतले. जगण्यासाठी त्यांनी मृत सोबत्यांचे मांस खाल्ले, आणि बहुतेक वेळा चर्चा तेवढ्यावरच अडकते. माझ्या मनात मात्र शेवटचा भाग राहिला आहे. परादो आणि कानेसा हे दोघे दहा दिवस बर्फातून चालत आले, नदीपलीकडे एक गुराखी दिसला, पण पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू जाईना. तेव्हा त्याने कागद-पेन्सिल दगडाला बांधून पलीकडे फेकली आणि परादोने त्यावर आपण कोण, कुठून आलो ते लिहून तो दगड परत फेकला.

आणि नवे नसले तरी एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' तुमच्या यादीत दिसला नाही. घरचे कर्ज फेडायचे म्हणून बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेच्या यज्ञाला दक्षिणेसाठी निघालेला हा भिक्षुक 1857 च्या बंडात सापडला आणि 1858 च्या एप्रिलमध्ये झाशी पडली तेव्हा शहरातच होता. पुढे काल्पीच्या वाटेवर, विहिरीपाशी, धुळीने माखलेली तहानलेली राणी त्याला भेटते. तो पाणी काढून देऊ लागतो, तर ती त्याला थांबवून स्वतः पाणी शेंदते. असा प्रसंग कादंबरीकाराने रचला असता, तर आपण त्यावर विश्वास ठेवला नसता. चिं. वि. वैद्यांनी 1907 साली हे पुस्तक छापताना मजकुरात फेरफार केले होते; मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी 1966 साली आवृत्ती सिद्ध केली. शक्य झाल्यास दोन्ही प्रती मिळवाव्यात आणि एखादा प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचावा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी बसून ठरले ते असे: पहिला महिना 'माझा प्रवास', दोन्ही आवृत्त्यांसह, त्यानंतर 'अंताजीची बखर', मग 'तांडव'. 'द वेजर' चौघांनी वाचून उरलेल्या तिघांना मराठीत सांगायचे आहे. वैद्यांची प्रत आमच्या वाचनालयात निघाली, तिची पाने हात लावताच तुटतात, म्हणून ती घरी न नेता तिथेच बसून वाचायची असे ग्रंथपालांनी सांगितले आहे. पोतदारांची आवृत्ती मिळत नाही. कोणाकडे असल्यास झाशीच्या वेढ्याच्या पानांची छायाप्रत मिळू शकेल का? टपालखर्च आम्ही देऊ. दोन्ही मजकूर पडताळून पाहण्याचे काम त्या मुलीने आपणहून मागून घेतले आहे.