बारा-तेराव्या वर्षी कोण सोबत होतं?

मानसिक आजारांपैकी जवळपास एक तृतीयांश चौदाव्या वर्षाआधी आणि निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू झालेले असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुतेक वेळा ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत. ‘वयच तसं आहे’ म्हटलं की विषय संपतो. त्या वयात तुमचं काय बिनसलं होतं, आणि तेव्हाचं कोण अजून टिकून आहे? लिहा.

•

सातवीत आमचं त्रिकूट होतं. एके दिवशी दोघींनी माझ्याशी कट्टी घेतली. कारण आजही ठाऊक नाही. मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात पुस्तक नुसतं उघडून बसायचे. तिथे एक मुलगी फाटक्या पुस्तकांना कव्हरं घालत असे. काय झालं, रडतेस का, काही विचारलं नाही. कात्री पुढे केली, “कडा काप. सरळ काप हं.” आता तिची-माझी पन्नाशी आली. भांडतो भरपूर, पण कट्टी नाही.

•

मला नुसता राग यायचा. दारं आपटायचो, वह्या फाडायचो. खरं तर रडू येत होतं, पण मुलग्याने रडायचं कसं? मित्र सायकल घेऊन दारात यायचा, तास-तासभर न बोलता फिरायचो. अजूनही मनातलं असं काही आम्ही बोलत नाही. बाबा गेले तेव्हा मात्र तो न कळवता येऊन उभा राहिला.

•

मैत्रीण स्वतःला इजा करून घेत होती. कोणाला सांगणार नाही अशी शपथ तिने मला घातली होती. मी ती मोडली, बाईंना सांगितलं. वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. आज तसाच प्रसंग आला तर आजही सांगेन.

•

मी शाळेत समुपदेशक आहे. भावना उसळवणारे मेंदूतले भाग या वयात जोरात असतात. आवर घालणारा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. तेव्हा ‘शहाण्यासारखं वाग’ हा सल्ला फुकट जातो. मी विचारते, “मनातलं कोणाला सांगतोस?” एक नाव आलं तरी मला हायसं वाटतं. ‘कोणालाच नाही’ हे मुलं बऱ्याचदा हसत सांगतात, तिथे फसू नका. झोप, भूक, अभ्यास दोन आठवड्यांहून जास्त बिघडले तर तज्ज्ञांना दाखवा. स्वतःला इजा करण्याची गोष्ट निघाली तर त्याच दिवशी.

•

माझं ते वय अगदी मजेत गेलं. ढीगभर मित्र होते. आज एकाचाही नंबर नाही माझ्याकडे.