मदत हवी आहे: तेलक्षेत्राचे जुने नकाशे जिओरेफरन्स (खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणं) करताना अडलोय

नमस्कार मंडळी. माझी भाची एम.एस्सी. भूगोलच्या प्रकल्पासाठी कॅलिफोर्नियातल्या मिडवे-सनसेट तेलक्षेत्राचा अभ्यास करतेय. टाफ्ट आणि मॅरिकोपा गावांजवळचा हा कोरडा, जवळजवळ वाळवंटी भाग. १९१० च्या मार्चमध्ये इथेच लेकव्ह्यूची विहीर उसळली आणि सुमारे दीड वर्षात ९० लाख बॅरल तेल बाहेर आलं! त्या काळानंतर टेकड्या, ओढे, रस्ते किती बदलले ते तिला दाखवायचंय.

अमेरिकेच्या यूएसजीएस या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने जुने स्थलदर्शक नकाशे स्कॅन करून फुकट ठेवलेत (आपल्याकडचे जुने नकाशे मिळवायचे म्हणजे काय, ते सांगायला नको). गाडी अडलीय ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये. जुनं पत्रक (नकाशाचं पान) १:६२,५०० प्रमाणाचं, नंतरचं १:२४,०००, समोच्च रेषा फुटांत. एकावर एक ठेवले की रस्ते सरकतात. नॅड २७ आणि नॅड ८३ या उत्तर अमेरिकेच्या दोन डेटममध्ये (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) तिथे शंभरेक मीटरचा फरक पडतो, तो धरला. पण १९२७ च्या आधीच्या पत्रकाला कोणता डेटम द्यायचा?

माझ्या मते नियंत्रणबिंदू (नकाशा जमिनीशी जुळवायच्या ओळखीच्या जागा) म्हणून अमेरिकी जमीन-मोजणीतल्या मैल-मैलाच्या चौकोनांचे, म्हणजे सेक्शनचे, कोपरे घ्यावेत, कारण विहिरी आणि रस्ते कायम राहत नाहीत. भाचीला थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा हवा तसा ताणून प्रत्येक बिंदू नेमका जुळवणारी पद्धत) हवंय. मला ते खोटं समाधान वाटतं. चूक झाकली जाते, जात नाही.

हे काम केलेलं कोणी ठाण्यात आहे का? आम्ही घोडबंदर रोडला राहतो, रविवारी वाशी-ऐरोलीपर्यंतही येऊ. शिवाय ए-झीरो (A0) या मोठ्या कागदाच्या आकारात स्वच्छ रंगीत प्रिंट कुठे मिळेल?