मदत हवी आहे: किगालीचं नरसंहार स्मारक मुलीसोबत पाहावं का?

जूनमध्ये आम्ही रवांडाला जातोय. किगालीतलं गिसोझीचं स्मारक पाहायचं नक्की आहे. 1994 च्या तुत्सी लोकांच्या नरसंहारात मारल्या गेलेल्या अडीच लाखांहून अधिक माणसांचं दफन तिथे आहे, त्यामुळे ती जागा मला संग्रहालयाआधी दफनभूमी वाटते.

प्रश्न मुलीचा आहे. ती तेरा वर्षांची आहे, इतिहास मन लावून वाचते आणि तिला यायचंच आहे. पण तिथे मारल्या गेलेल्या लहान मुलांचं एक दालन आहे. फोटोखाली त्या मुलाचा आवडता खेळ, आवडता खाऊ आणि मृत्यू कसा आला, हे लिहिलेलं असतं. मलाच ते वाचवेल की नाही, शंका आहे. तुमच्यापैकी कुणी या वयाच्या मुलांना नेलंय का? ते दालन वगळलंत, की आधी बोलून तयारी करून घेतलीत?

दुसरं, न्यामाटा गावातलं चर्च, तेही आता याच नरसंहाराचं स्मारक आहे. आसऱ्याला आलेल्या हजारो लोकांना तिथे मारलं, त्यांचे कपडे अजून बाकांवर आहेत. तिथे मुलीला नेऊ नये असं माझं मत आहे, नवऱ्याला ते पटत नाही. जाऊन आलेल्यांनी स्पष्ट सांगा.

आणि सामूहिक कबरींवर फुलं वाहायची असतील तर तिथली रीत काय आहे?