विषय: २१ मार्चचं अंगण – ४ नंतर गुढीचं काय करायचं?

प्रेषक: चिटणीस
सोमवार, रात्री ९:१०

मंडळी,
हॉलच्या बाईंचा संध्याकाळी फोन आला. शनिवारी २१ तारखेला मोठा हॉल आणि स्वयंपाकघर ६ पर्यंत आपल्याकडे आहे, पण मागचं अंगण ४ पासून दुसऱ्या गटाला दिलंय. गेल्या वर्षीपर्यंत अंगण हॉलबरोबरच मिळायचं, म्हणून मी वेगळं विचारलं नव्हतं. तो गट म्हणजे पेगन मंडळी, निसर्ग आणि ऋतू पुजणारी, बुधवारी छोट्या खोलीत जमतात तीच. त्यांचा ‘ओस्टारा’ नावाचा सण आहे आणि ५ वाजता ते लोखंडी शेगडीत जाळ करणार आहेत.
गुढी ४ ला उतरवायची का, आणि पुऱ्यांचा गॅस कुठे लावायचा, एवढं ठरवा. उद्या रात्री मला बाईंना कळवायचंय.

प्रेषक: नाना
सोमवार, रात्री ९:४२

गुढी चारला उतरवायची नाही. सूर्यास्ताला हळदकुंकू वाहून, नैवेद्य दाखवून उतरवतात, हे इथे कोणाला सांगायला नको. अकरा वर्षं आपण इथे इंग्लंडात त्या अंगणात गुढी उभारतोय. तो कोपरा आपण साफ केला, फरशा आपण बसवल्या. त्यांना म्हणावं रविवारी करा. शिवाय तिथे मुलं खेळत असतात, शेजारी चेटूक वगैरे प्रकार नको. आकसाने लिहीत नाही, पण उद्या एखाद्या आईने विचारलं तर उत्तर कोण देणार?

प्रेषक: दादा (भोजन)
सोमवार, रात्री १०:०५

फक्त गॅसबद्दल. आत तळण नाही, हे ठरलेलं आहे. ११० पानं आहेत, माणशी चार धरल्या तरी ४४० पुऱ्या. पहिला घाणा ११:३० ला, शेवटचा पावणेदोनला. तेल निवायला दीड तास. साडेतीनला कढई आणि गॅस माझ्या गाडीत. माझ्याकडून अंगण चारच्या आत मोकळं. चक्का शुक्रवारी रात्री कोणाकडे टांगायचा ते अजून कोणी सांगितलेलं नाही, त्याची मेल वेगळी टाकतो.

प्रेषक: अण्णा
सोमवार, रात्री १०:५०

नाना, रविवारी करा म्हणायला आपल्याला तोंड नाही. पाडवा गुरुवारी १९ तारखेला आहे, आपणच तो सुट्टीसाठी शनिवारवर नेला. त्यांचा वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र सारखी होण्याची वेळ, शुक्रवारी २० तारखेला आहे, दुपारी पावणेतीनच्या सुमारास. त्यांनीही त्याच कारणाने शनिवार धरला.
त्यांच्या आठ सणांपैकी चार थेट सूर्यावर बांधलेले आहेत, दोन संपात आणि दोन अयनं, म्हणजे सूर्य उत्तरेला किंवा दक्षिणेला वळतो ते दिवस. आपली संक्रांतही मुळात अयनाचीच. पण आपण सूर्य नक्षत्रांवरून मोजतो, त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवस या हिशोबाने ती पुढे सरकत आली. सूर्य उत्तरेला वळतो २१-२२ डिसेंबरला, आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. पंचांग तेव्हाच्या आकाशाशी जुळवलेलं होतं, आणि आकाश सरकलं. हे लोक डिसेंबरात ‘यूल’ करतात तो दिवस आजच्या आकाशातला खरा उत्तरायणाचा. मला तरी त्यांच्याबद्दल आपलेपणा वाटतो.

प्रेषक: धाकट्या वहिनी
मंगळवार, सकाळी ६:२०

नाइट संपवून लिहितेय. माझ्या वॉर्डातली एक सिस्टर त्या गटात आहे. नाना, चेटूक म्हणजे कोणाचं वाईट करणं असं आपण समजतो. त्यांच्यात तर कोणाला इजा करू नये हाच पहिला नियम आहे. गेल्या वर्षी तिने मला तिच्या घरची अंडी आणून दिली होती. अंड्यावर कोथिंबिरीचं पान ठेवायचं, जुन्या पायमोज्याची पट्टी घट्ट बांधायची आणि कांद्याच्या सालांच्या पाण्यात उकडायचं. पट्टी सोडली की अंडं विटकरी रंगाचं आणि मधोमध पानाचा फिकट ठसा, शीर न् शीर दिसते. मातीच्या कुंडीत प्रत्येकाने एक बी पेरायचं, चार दिशांना नमस्कार करायचा, वर्तुळात उभं राहायचं. एवढाच त्यांचा ओस्टारा.
सासूबाई वाईहून आल्या होत्या तेव्हा त्यांना एव्हबरीला नेलं होतं. दगडांच्या वर्तुळाच्या आतच गाव आहे. तिथल्या बीचच्या झाडांची मुळं उघडी पडलेली आहेत आणि फांद्यांना लोकांनी रंगीत फिती बांधल्यात. सासूबाईंनी काही विचारलं नाही. पर्समधून तुळशीच्या माळेचा तुटका दोरा काढला आणि खालच्या फांदीला बांधून हात जोडले. वडाला सूत गुंडाळणाऱ्या बाईला ते झाड समजावून सांगावं लागलं नाही.

प्रेषक: अण्णा
मंगळवार, सकाळी ८:०५

वहिनी, एव्हबरी छानच, पण सूर्याची रेषा बघायची तर स्टोनहेंज. एका बाजूने उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसाचा सूर्योदय, त्याच रेषेवर उलट बाजूला हिवाळ्यातल्या लहान दिवसाचा सूर्यास्त. २००० सालापासून जूनमधल्या त्या रात्री लोकांना आत दगडांपाशी जाऊ देतात. मी दोनदा गेलोय, कानटोपी न्या.

प्रेषक: नाना
मंगळवार, सकाळी ९:१५

सगळं मान्य. अंड्यांना माझी हरकत नाही. पण हजारो वर्षांची परंपरा असं हेच लोक सांगतात. इतकं जुनं असेल तर ते तासभरही मागे सरकणार नाहीत. मग आपणच का सरकायचं?

प्रेषक: ताई (मराठी शाळा)
मंगळवार, दुपारी १:३०

नाना, ‘हजारो वर्षांचं’ यावर जरा लांब लिहिते. ऑक्टोबरमध्ये हॅलोवीनच्या वेळी शाळेतल्या मुलांनी मला हाच प्रश्न विचारला होता आणि तेव्हा मी बरंच वाचून काढलं.
हे सण आठांचं एक चक्र म्हणून पाळायला लागून अजून सत्तर वर्षंही झालेली नाहीत. इंग्लंडातला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. १९५४ मध्ये गेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून जाहीर केलं की जुना चेटूक-धर्म अजून जिवंत आहे आणि आपण त्यातले आहोत. हे गृहस्थ मलायात सरकारी नोकरी करून इथे परतलेले. लंडनच्या उत्तरेला ब्रिकेट वुडमध्ये त्यांचा गट होता. त्या गटात मोठे सण चारच: नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्ट यांच्या तोंडावरचे. संपात आणि अयनं होती, पण दुय्यम. १९५८ मध्ये गटातल्याच लोकांनी मागणी केली की त्यांनाही बरोबरीचा मान द्या. गार्डनर यांचे मित्र रॉस निकोल्स हे ड्रुइड, म्हणजे ब्रिटनच्या प्राचीन पुरोहितांचा वारसा सांगणाऱ्या पंथातले, आणि ड्रुइडांचा सगळा भर संपात-अयनांवर. अशी दोन्हीकडची माळ एकत्र ओवली गेली. दर सहा-सात आठवड्यांनी एक सण आला, वर्ष भरलेलं वाटायला लागलं.
ओस्टारा, लिथा, माबोन ही नावं तर त्याहून नवी. ती १९७४ च्या सुमारास एडन केली या अमेरिकन माणसाने लावली. माबोन हा जुन्या वेल्श कथेतला, आईपासून पळवून नेलेला मुलगा. त्याचा सप्टेंबरच्या सुगीशी काही संबंध नाही.
आता ओस्टारा. बीड नावाच्या ख्रिस्ती साधूने ७२५ मध्ये लिहिलं की इंग्रज लोक पूर्वी एप्रिलच्या महिन्याला एओस्त्रे देवीच्या नावाने ओळखायचे आणि त्यात तिचे सण करायचे. एवढंच. तिची मूर्ती, कथा, पूजाविधी काहीही त्याने दिलं नाही. १८३५ मध्ये याकोब ग्रिम यांनी, तेच परीकथा गोळा करणारे, त्यावरून जर्मन देवीचं नाव ‘ओस्टारा’ असावं असा तर्क केला. ईस्टरचा ससा लेखी सापडतो तो १६८२ चा, जर्मन मुलखातला, आणि तिथे देवीचा उल्लेख नाही. ससा देवीचा असावा हा अंदाज एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांचा.
पण सगळंच नवं, असंही म्हणू नका. नोव्हेंबरचा साविन, मेचा बेल्टेन, ऑगस्टचा लूनासा हे आयर्लंडच्या मध्ययुगीन लिखाणात आहेत. बेल्टेनला दोन जाळांच्या मधून गुरं हाकायची, रोगराई लागू नये म्हणून, हे तिथल्या हजारेक वर्षांपूर्वीच्या शब्दकोशात नोंदलेलं आहे. तो गुराख्यांचा सण. उन्हाळी कुरणावर गुरं न्यायची ती वेळ. म्हणजे सुटे मणी जुने आहेत, दोरा १९५८ चा आहे.
हे सगळं ज्यांनी नीट लावून दाखवलं ते रोनल्ड हटन, ब्रिस्टलचे प्राध्यापक, जन्म आपल्या उटीचा. तुमची परंपरा सलग चालत आलेली नाही असं त्यांनी पुराव्यानिशी लिहिलं, आणि तरीही पेगन लोकांत त्यांना मान आहे. मला याचं फार कौतुक वाटतं.
म्हणून मला त्यांचा सण खोटा वाटत नाही. सार्वजनिक गणपतीही १८९३ मध्ये लोकमान्यांनी ठरवून उभा केला. घरातला गणपती जुना, मांडव नवा. आज त्या मांडवाला कोणी नकली म्हणेल का? इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत ७४,००० लोकांनी धर्म म्हणून ‘पेगन’ लिहिलं, दहा वर्षांपूर्वी ते ५७,००० होते. कारखान्यांच्या आणि डांबरी रस्त्यांच्या देशात राहून त्यांना ऋतू पुन्हा हातात धरायचाय. आपण इथे प्लॅस्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण लावतो, आपल्याला तरी दुसरं काय हवंय?

प्रेषक: नाना
मंगळवार, दुपारी २:१०

ताई, एक दुरुस्ती. भाऊसाहेब रंगारींचा गणपती १८९२ चा. माझं लहानपण बुधवार पेठेत गेलं, आमच्या वाड्यात यावर भांडणं झालेली मी ऐकलीत. लोकमान्यांचं मोठेपण कमी होत नाही, पण मुलांना शिकवताना दोन्ही सांगा.

प्रेषक: ताई (मराठी शाळा)
मंगळवार, दुपारी २:२५

नाना, दोन्ही सांगेन. पुढच्या रविवारी तुम्हीच वर्गावर या आणि वाड्यातलं सांगा.

प्रेषक: अण्णा
मंगळवार, दुपारी ३:००

बीडने ती देवी मनाने रचली असं कोणी समजू नये. १९५८ मध्येच जर्मनीत कलोनच्या पश्चिमेला दीडशेच्या वर रोमन काळातले नवसाचे दगड सापडले, ‘आउस्ट्रियाहेने’ नावाच्या मातृकांना वाहिलेले. नावाची मुळी एओस्त्रेशी जुळते. तीच देवी असं त्याने सिद्ध होत नाही, पण त्या बाजूला अशा नावाच्या आयांना नवस बोलत असत एवढं खरं. आपल्या सातीआसरांसारखं.

प्रेषक: धाकट्या वहिनी
मंगळवार, संध्याकाळी ५:४०

झोपून उठले आणि सिस्टरला फोन केला. त्यांचं म्हणणं, गुढी खुशाल राहू द्या. त्यांची शेगडी कुंपणाकडे नेता येईल. फक्त जाळाला वारा लागला तर ठिणगी उडते, कापड लांब असावं.
मग तिने विचारलं, तुमची काठी कशाची? मी सांगत गेले. माझी आई सांगायची राम अयोध्येला परतला त्याची. सासूबाई सांगतात शालिवाहनाच्या विजयाची. भटजी ब्रह्मध्वज म्हणतात. आणि कडुनिंब, गूळ, ओवा, हिंग, चिंच वाटून खातो ते उन्हाळा बाधू नये म्हणून. ती म्हणाली, मग खरं कोणतं? मी म्हटलं, आम्ही चारही सांगतो. तिने सांगितलं की त्यांच्याकडेही एकेक घर एकेक कथा धरून आहे. सूर्यास्ताला गुढी उतरते ती तिला बघायचीय.

प्रेषक: नाना
मंगळवार, संध्याकाळी ६:१५

ठीक आहे. खण रेशमी आहे, माझ्या सौभाग्यवतीने येवल्याहून आणलेला, त्यामुळे ठिणगीचं मला पटतं. गुढी दाराच्या बाजूला घ्या, फरशीवर. उतरवायला मी थांबेन. त्या मंडळींना बघायचं असेल तर चपला काढून बघावं, बाकी काही नाही. गाठीतली साखर त्यांच्या हातावरही ठेवू. स्वयंपाकघराच्या कपाटाची किल्ली मात्र माझ्याकडेच राहील.

प्रेषक: चिटणीस
मंगळवार, रात्री ८:३०

बाईंना कळवलं. गुढी दाराजवळ, सूर्यास्तापर्यंत. त्या दिवशी सूर्य सव्वासहाच्या थोडा पुढे मावळतो आणि आपला हॉल ६ पर्यंत आहे, त्यामुळे बाहेरची वीस मिनिटं बाईंनी तोंडी दिली आहेत. भांडी आणि केर ५:४५ च्या आत. अंगणातली खरकटी पानं चारच्या आत उचला, त्यांना तिथे अनवाणी उभं राहायचंय.
बांबू गेल्या वर्षीचाच आहे, मजबूत आहे. तांब्या मी आणते. पण गुढी ज्यात रोवतो तो बागेतल्या छत्रीचा वजनदार स्टँड कोणाच्या गाडीत राहिला? कोजागिरीला दादांच्या गाडीत पाहिला होता, दादा म्हणतात अण्णांनी नेला. शुक्रवारच्या आत सांगा. तो नसेल तर दाराजवळ फरशीवर गुढी उभी कशी राहणार?